डगल्यातली झुंज आणि उघडी झुंज

जुजुत्सू शिकणाऱ्या मंडळींत एक वाद कधीच मिटत नाही. सराव 'गी' घालून करावा की गीविना? गी म्हणजे जाड सुती डगला, विजार आणि कमरेला पट्टा. आमच्या तालमीत पैलवानाच्या अंगावर लंगोटाखेरीज चिंधी नसते. त्यामुळे मराठी माणसाला हा प्रश्नच प्रथम चमत्कारिक वाटतो. मी दोन्ही पद्धतींनी सराव करतो. त्यातून मी पडलो अंगाने किरकोळ! तेव्हा हा वाद माझ्या बाबतीत थेट मानेशीच येऊन भिडतो.

डगला आला जपानहून. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुन्या जुजुत्सूतून जूदो घडवला. त्यांच्या संस्थेतले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचले आणि त्यांच्या परंपरेतून ग्रेसी घराण्याने ही विद्या उचलली. जमिनीवरच्या झटापटीत या घराण्याने मोठे नाव कमावले.

डगल्याचा मुख्य गुण म्हणजे पकड. बाही आणि गळपट्टी हाती आली की दांडगा गडीही जागच्या जागी खिळतो. त्याच्याच गळपट्टीने त्याचा गळा आवळता येतो. घामाचा फायदा घेऊन निसटणे कठीण. म्हणून सुटकेची युक्ती नीट शिकावीच लागते. बोटांची पेरे मात्र रात्रभर ठणकतात. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे रॉयस ग्रेसी डगला घालूनच उतरले आणि एका रात्रीत तिघांना नमवून गेले.

डगला उतरला की सारेच पालटते. धरायला उरतात मनगट, मान आणि काख. घामाने अंग निसटते, वेग वाढतो, विचाराला उसंत मिळत नाही. आमचे पैलवान अंगाला माती चोळतात ती पकडीसाठीच. इथे तीही सोय नाही! पायाच्या पेचांना येथे फार मान. त्यांतला टाच पिरगाळण्याचा पेच मोठा कपटी. कळ उठण्याआधीच गुडघा कामातून जाऊ शकतो. म्हणून डगल्याच्या मोठ्या स्पर्धांत त्याला मनाई असते.

मग निवड कशी करावी? कोणी म्हणेल, रस्त्यावर कोण डगला घालून हिंडतो? खरे आहे. आपल्याकडचा सदरा एका हिसक्यात फाटतो आणि केवळ कापड धरायला शिकलेल्याच्या हाती नुसती बाही राहते. पण केवळ उघड्या अंगाने शिकलेला निसटण्याला सोकावतो. थंड मुलखात जाड कोटाची गळपट्टी कोणी धरली की त्याची पंचाईत होते.

माझे मत विचाराल, तर दुबळ्याने आरंभ डगल्यात करावा. धीर आणि नेमकेपणा तिथे येतो. पुढे डगला उतरवून पाहावे, म्हणजे अंगी बाणले किती आणि कापडाच्या भरवशावर किती होते, ते उमगते. मात्र एक नियम दोन्हीकडे सारखा : पेच बसला की हात थोपटून हार कबूल करावी, आणि ती वेळीच करावी. अभिमान दुसऱ्या दिवशी भरून येतो; गुडघ्याला महिने लागतात.