किनाऱ्यावरील गोड्या विहिरी आणि समुद्राचे आक्रमण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि खारेपणाचे दुःख येथील शेतकऱ्याला अपरिचित नाही. प्रवरा-मुळेच्या लाभक्षेत्रात अतिसिंचनाने भूजल वर आले, त्याचे बाष्पीभवन झाले आणि मागे उरलेल्या क्षारांमुळे कित्येक जमिनी खारपड झाल्या. किनाऱ्यावरील आपल्या बांधवांचे संकट याच्या उलट आहे. तेथे अतिउपशाने खारेपण येते.

गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून हलके असते. म्हणून किनाऱ्यालगत जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. शास्त्राचा ढोबळ नियम असा : भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. ती पातळी अर्धा मीटर उतरली, तर कालांतराने खारे पाणी सुमारे २० मीटर वर सरकते. वरून अल्प दिसणारी घट खाली अशी मोठी हानी करते.

वसईत टँकरद्वारे होणाऱ्या बेसुमार उपशाविरुद्ध गेल्या शतकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने आवाज उठविला, त्यामागे हीच भीती होती.

धोका किती, हे विहीर खारी होण्यापूर्वीच ओळखता येते. गोवा विद्यापीठाचे डॉ. चाचडी आणि पोर्तुगालचे लोबो फरेरा यांनी २००१ च्या सुमारास त्यासाठी ‘गाल्डिट’ ही पद्धत मांडली. तिच्यात सहा गोष्टींना गुण दिले जातात : पाणी धरणाऱ्या थराचा प्रकार, त्याची पाणी वाहू देण्याची क्षमता, समुद्रसपाटीपासून भूजलाची उंची, किनाऱ्यापासूनचे अंतर, आज आढळणारे खारेपण आणि थराची जाडी. यांत भूजलाची उंची व किनाऱ्याचे अंतर यांना सर्वाधिक महत्त्व आहे. अंतर बदलणे आपल्या हाती नाही. पातळी राखणे मात्र निश्चितच आहे.

पातळी कशी राखावी, याचा धडा आपल्याच जिल्ह्याने दिला आहे. येशूसंघीय फादर हर्मन बाखर (१९२४-२०२१) यांनी येथील दुष्काळी गावांत पाणलोट विकासाची चळवळ उभी केली. १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांनी श्रमदान केले, चराईबंदी पाळली आणि पावसाचे पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवून जिरविले. किनाऱ्यावर जिरविलेले पाणी आणखी एक काम करते : ते समुद्राला मागे रेटते.

म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर विहिरीची पातळी मोजून तिची नोंद ठेवणे, पाण्याचे खारेपण तपासून घेणे आणि छपरावरचे पाणी विहिरीकडे वळविणे, एवढे तरी प्रत्येक धर्मग्रामाला करता येईल. बापाच्या काळातील बुजविलेल्या विहिरी इसहाकाने पुन्हा खणल्या. खारी झालेली विहीर मात्र नुसती खणून गोडी होत नाही. म्हणून पूर्वजांचा हा ठेवा वेळीच जपला पाहिजे.