शेतरक्षणाची बंदूक : पल्ल्याआधी परवानगी

शहापूर तालुक्यातील शेणवा परिसरात जंगलालगतचे भात कापणीला आले, की रानडुकरांचे भय असते. मग बंदूक कोणती घ्यावी, हा प्रश्न उद्भवतो. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल लांब पल्ल्याची खरी. पण नेम चुकल्यास तिची गोळी पलीकडच्या पाड्यापर्यंत जाऊ शकते. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुक्कर मारण्यास वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते. तिच्याविना चाप ओढणारा शेतकरीच आरोपी ठरतो. पिकाची हानी झाल्यास वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो.