दुखत नाही म्हणून

"डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपी कसला?" हा प्रश्न गावातल्या आरोग्य केंद्रात रोज ऐकू येतो. गोम इथेच आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडं मात्र वर्षानुवर्षं झिजत राहतात. कित्येकांना तो कळतो थेट अर्धांगवायूच्या झटक्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात 30 ते 79 वयोगटातल्या सव्वाशे कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. जवळपास निम्म्यांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नाही.

आपल्याकडे 2017च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे जिल्हे निवडले गेले. त्यात नवलाचं काही नव्हतं: ठरलेल्या मोजक्या स्वस्त गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि न आलेल्याला आठवण. माझ्या मते खरं काम त्या आठवणीचंच. कारण 140/90च्या खाली आकडा आला, की "बरं वाटतंय" म्हणून गोळी परस्पर बंद करणारे घरोघरी सापडतात. आकडा उतरला तो गोळीमुळे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

रक्तदाबासाठी मिठाचं पथ्य म्हणाल, तर दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चमचाभर. लोणचं-पापडही त्यातच धरायचे.