अस्थिजनक पेशींची घडण आणि वृद्धिघटकांची वेळ

हाड तयार करणाऱ्या अस्थिजनक पेशी अस्थिमज्जेतील, अद्याप निश्चित रूप न घेतलेल्या आधारपेशींपासून घडतात आणि या घडणीला दिशा देणाऱ्या, पेशीला बाहेरून संदेश पोचविणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड तयार होते, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखविले. त्यामागील ‘बीएमपी’ या प्रथिनांची जनुके १९८८ मध्ये हाती आली आणि एकेका घटकाचा परिणाम स्वतंत्रपणे पाहणे शक्य झाले.

प्रयोगशाळेत हे काम बहुधा खुब्याचा सांधा बदलताना काढलेल्या, रुग्णाच्या संमतीने मिळालेल्या हाडापासून सुरू होते. त्यातील मज्जा धुऊन फ्लास्कमध्ये, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इनक्युबेटरमध्ये ठेवतात. पोषक द्रव बदलताना रक्तपेशी वाहून जातात आणि तळाला चिकटलेल्या लांबट, टोकदार पेशी मागे उरतात. पोषक द्रवात सामान्यतः गर्भस्थ वासराचे सीरम असते. त्यातही वृद्धिघटक असल्यामुळे चाचणीपूर्वी त्याचे प्रमाण कमी केले नाही, तर दिसलेला परिणाम कोणाचा हे ठरविता येत नाही.

पेशींची वाटचाल ढोबळमानाने तीन टप्प्यांत होते : प्रथम त्या विभाजनाने वाढतात, मग कोलॅजेनचे जाळे विणतात आणि शेवटी, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्या जाळ्यात कॅल्शियम व फॉस्फेटचे क्षार साठतात. एफजीएफ-२ हा घटक पहिल्या टप्प्यात पेशींची संख्या वाढवितो. परंतु तो सतत देत राहिल्यास पेशींचे परिपक्व होणे लांबते. टीजीएफ-बीटा सुरुवातीची वाढ आणि कोलॅजेनची निर्मिती यांना चालना देतो, मात्र खनिजे साठण्याच्या टप्प्यावर तोच अडसर ठरू शकतो. बीएमपी-२ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही रेणूंना जोडला गेला, की आतील स्मॅड प्रथिने सक्रिय होऊन केंद्रकात जातात आणि रनएक्स-२ या नियामक प्रथिनाच्या साहाय्याने अस्थिजनक पेशीची ओळख ठरविणारी जनुके चालू करतात. म्हणून एखादा घटक हाडाला पोषक की मारक, हा प्रश्न पेशीची अवस्था सांगितल्याविना अपुरा राहतो.

परिणाम मोजतानाही हेच भान ठेवावे लागते. अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराची सक्रियता द्रवाला येणाऱ्या पिवळ्या रंगावरून मोजतात, पण हे मधल्या टप्प्याचे लक्षण आहे. शेवटच्या टप्प्यासाठी अ‍ॅलिझरिन रेड हा कॅल्शियमला लाल रंग देणारा रंजक वापरतात. पोषक द्रवात फॉस्फेटचा पुरवठा करणारे बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झाले, तर पेशींच्या कोलॅजेन-जाळ्याशी संबंध नसलेले क्षारही खाली बसतात आणि तेही लाल दिसतात. त्यामुळे केवळ लाल डागांवर न विसंबता ऑस्टिओकॅल्सिनसारख्या, पक्व पेशींतच ठळकपणे आढळणाऱ्या प्रथिनाची जोड पाहावी लागते.

उंदराच्या सी२सी१२ या स्नायुपेशी बीएमपी-२ मिळताच अस्थिजनक पेशींची लक्षणे दाखवू लागतात; मानवी मज्जेतील पेशी मात्र अनेकदा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची जोड मिळाल्याशिवाय तितका प्रतिसाद देत नाहीत आणि दात्यागणिक हा प्रतिसाद बदलतो. पेशीसंवर्धनात बीएमपी-२ ची मात्रा नॅनोग्रॅममध्ये मोजतात, तर अमेरिकेत २००२ मध्ये कमरेचे मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळालेल्या उपचारात दर मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम इतके बीएमपी-२ कोलॅजेनच्या स्पंजमध्ये भिजवून वापरतात. २००८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने मानेच्या मणक्यांत त्याच्या वापरानंतर आढळलेल्या गंभीर सुजेबद्दल इशारा दिला. त्यामुळे केवळ मात्रा वाढविण्यापेक्षा कोणता घटक कोणत्या टप्प्यावर द्यायचा आणि केव्हा थांबवायचा हे ठरविणे अधिक फलदायी ठरते; घटक हळूहळू सोडणाऱ्या आधार-सामग्रीची रचना याच विचारावर उभी आहे.