सवण्यापासून धुराड्यापर्यंत

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरात पाऊल टाकले, की भर दुपारीही क्षणभर काही दिसत नसे, आणि नजर स्थिरावल्यावर प्रथम जे दिसे ते म्हणजे छतातून तिरपा उतरलेला उजेडाचा पट्टा. ज्या भोकातून तो उतरे त्याला या मुलखात सवणे म्हणतात. मातीच्या जाड थराखाली दबलेल्या त्या घराला उजेड मिळावा आणि चुलीच्या धुरालाही वाट मिळावी, अशी दुहेरी तजवीज त्या एका भोकात होती. सवण्याने धूर सगळाच जाई असे नव्हे, घरातील तुळया काळ्या होत आणि गृहिणीचे डोळे चुरचुरत. परंतु ते तोंडाने रुंद आणि लांबीने आखूड असल्यामुळे काजळीने कधी तुंबत नसे, आणि म्हणूनच धुराची वाट झाडावी लागते ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कोणाला शिकावीच लागली नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात लोहारा आणि उमरगा भागांतील दगडमातीची घरे कोसळली, आणि नव्या वसाहतींत सिमेंटची छपरे आली. स्लॅबला सवणे नसते. तेथे चूल मांडायची तर धुरासाठी नळीच हवी.

या नळीची, म्हणजे धुराड्याची, कल्पना मात्र नवी नव्हती. हा जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत असे, आणि त्याच राज्याच्या राजधानीतील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे जोडलेल्या निर्धूर चुलीचा आराखडा सिद्ध करून 1953 साली त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. पुढे 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो सुमारे दोन दशके चालला. सरकारी दफ्तरात चुली किती बसविल्या याची नोंद होणे स्वाभाविक होते. परंतु बसविलेली नळी वर्षभराने मोकळी आहे की नाही, हा रकाना भरणे कोणत्याही कारकुनाच्या आवाक्यातले नव्हते. ते काम घराचेच होते.

नळी तुंबते कशी, हे समजून घेणे कठीण नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या ओढीने धूरही निघून जातो. मात्र वाटेत थंड पडताच त्यातील काजळी नळीच्या अंगाला चिकटते, आणि सरपण ओले असेल तर तिच्यात डांबरासारखा चिकटा मिसळून थर पक्का होतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीत सर्व बाजूंनी एकच सेंटिमीटर थर बसला, तर आठ सेंटिमीटर व्यास उरतो, म्हणजे वाट एक तृतीयांशाहूनही अधिक घटते. मग धूर माघारी फिरून घरात शिरतो, आणि दोष मात्र चुलीच्या माथी येतो.

उपाय साधा आहे. चूल पूर्ण निवल्यावर राख काढावी, चुलीचे तोंड ओल्या पोत्याने झाकावे, नाकातोंडाला फडके बांधावे, नळीची टोपी उतरवावी आणि दोरीला काथ्याचा बोळा व खाली दगडाचे वजन बांधून तो नळीतून वरखाली ओढावा. खाली पडलेली काजळी नळीच्या बुडाशी असलेल्या झाकणातून काढून घ्यावी. नळी जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल, तर ती खरवडू नये, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. अशी नळी बदलणेच श्रेयस्कर.

नळी झाडण्याची ही गरज केवळ आपल्या चुलीपुरती नाही. परदेशांतील थंड मुलखांत, जेथे आता अनेक मराठी कुटुंबे राहतात, घर उबदार ठेवण्यासाठी गोळी पेंडीसारख्या दिसणाऱ्या लाकडी भुशाच्या कांड्यांवर चालणारी शेगडी वापरतात. कांड्या कोरड्या असल्यामुळे चिकटा कमी होतो; परंतु शेगडीतील विजेच्या पंख्याच्या झोताने उडालेली बारीक राख नळीच्या आडव्या भागात आणि वळणावर साचते. म्हणून शेगडी थंड झाल्यावर, विजेची जोडणी काढून, वळणावरील झाकण उघडून नळी कुंच्याने झाडणे हा तेथील हंगामी शिरस्ता आहे. त्यात कसूर झाली तर कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू बंद खोलीत साचून प्राणावर बेतू शकते.

आपल्याकडे 2016 नंतर उज्ज्वला योजनेने गॅस खेडोपाडी पोहोचला, तरी भाकरीसाठी आणि अंघोळीच्या पाण्यासाठी अनेक घरांत चूल पेटतेच. अशा घरांत चूल बायकांची आणि छपरावर चढणे पुरुषाचे, अशी कामांची जुनी वाटणी असल्यामुळे मधली नळी कोणाच्याच वाट्याला आली नाही. सवण्याच्या काळात हे खपले. यंदा दिवाळीपूर्वीची झाडलोट निघेल, तेव्हा घरातील कर्त्या पुरुषाने दोर आणि बोळा घेऊन वर चढावे, आणि पुढे महिन्यातून एकदा हा परिपाठ ठेवावा; अर्ध्या तासाचे काम आहे.