शीतपेटीच्या झाकणाचे रबर आणि सीताफळाचा गर

सीताफळ हे फार नाजूक फळ आहे. झाडावरून उतरविल्यानंतर थोड्याच दिवसांत ते पिकते, आणि एकदा पिकले की दूरच्या बाजारपेठेपर्यंत धड पोहोचत नाही. आंब्याचा रस तापवून डबाबंद करता येतो. सीताफळाच्या गराला ती सोय नाही. हा गर तापविला असता त्यास कडवटपणा येतो व रंगही बिघडतो. म्हणूनच पुरंदर तालुक्यात, किंवा ज्या बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्या बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात, जे बागायतदार व महिला बचत गट गर काढून ठेवतात, त्यांचा सारा भरवसा शीतपेटीवर, म्हणजे सर्वत्र ज्यास डीप फ्रीझर म्हणतात त्या यंत्रावर असतो. उणे १८ अंश सेल्सिअस अथवा त्याहून कमी तपमानात गर कित्येक महिने टिकतो. फळाचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो, तर आइस्क्रीम व बासुंदीसाठी गराला मागणी येते ती उन्हाळ्यात. मधला सगळा काळ पेटीने निभावून न्यावयाचा असतो.

पेटीचे यंत्रच बंद पडले तर ते त्याच दिवशी कळते. झाकण घट्ट न बसण्याचा दोष मात्र लपून राहतो. यंत्र चालू असते, आत बर्फ दिसतो, आणि तरीही वरच्या थरातील पिशव्या दुपारी मऊ होतात व रात्री पुन्हा गोठतात. असे वारंवार झाल्यास गरातील बर्फाचे कण मोठे होतात, पाणी सुटते व गर तपकिरी पडतो. हे बहुधा लक्षात येते ते गिऱ्हाइकाने माल परत केल्यानंतर.

झाकणाच्या कडेने जी मऊ, पोकळ पट्टी बसविलेली असते तिला आपल्याकडे रबर म्हणतात. दुकानात गॅस्केट म्हणून मागावी. वस्तुतः ती बहुतेक प्लॅस्टिकची असते व तिच्या पोटात एक लवचीक चुंबकपट्टी असते. ही चुंबकपट्टी पेटीच्या पत्र्यास धरते आणि पोकळ भाग दबून फट बुजवितो. ज्या ठिकाणी पट्टी पत्र्यास टेकत नाही तेथून बाहेरची दमट हवा आत शिरते. तिच्यातील बाष्प गोठून भिंतींवर हिमाचा थर चढतो, त्या थरामुळे आतील माल व थंड भिंत यांच्यामध्ये आडोसा निर्माण होतो, आणि यंत्र विसावा न घेता चालत राहते. पुढे हिम कडेवरही साचते व झाकण आणखी उचलले जाते. विजेचे बिल वाढू लागले की पेटी जुनी झाली असे म्हणून तो विषय बहुधा तेथेच सोडला जातो.

सर्व भिंतींवर सारखे हिम असेल तर ते झाकण वरचेवर उघडल्यामुळेही असू शकते. परंतु एकाच कोपऱ्यात किंवा एकाच बाजूस जाड थर धरत असेल, तर त्याच्या लगतच फट आहे असे समजून शोध घ्यावा. त्याकरिता वहीच्या कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावावे व पट्टी हळूच ओढावी. ती अडखळत आली तर पकड ठीक आहे. सहज निसटली तर त्या जागी खडूची खूण करावी. अशा रीतीने वीतभर अंतराने चारही बाजू पाहाव्यात. बिजागरीची बाजू बहुधा विसरली जाते, तीही पाहावी. रात्री खोलीत अंधार करून पेटीत पेटलेली विजेरी ठेवली असता फटीतून उजेडाची रेघ दिसते. मात्र बारीक फट या रीतीने सुटते, म्हणून कागदाची परीक्षाच अधिक विश्वसनीय मानावी.

फट सापडली म्हणजे लगेच नवे रबर आणावे असे नाही. पुष्कळ वेळा कारण अगदी साधे निघते. पेटी गच्च भरल्याने वरच्या पिशवीचा कोपरा झाकणाखाली येतो, किंवा पेटीच असमान जमिनीवर ठेवलेली असते. शेणाने सारवलेल्या अथवा खचलेल्या फरशीच्या खोलीत पेटीचा एक पाय अधांतरी राहतो, सांगाडा किंचित पिळवटतो आणि झाकण एका कोपऱ्यास टेकत नाही. गवंड्याची पाणसळ ठेवून पेटी समतल करावी व पायाखाली लाकडाची चकती द्यावी. बिजागरीचे स्क्रू सैल असल्यास आवळावेत. परंतु पेटीच्या अंगाला नवीन भोक पाडू नये, कारण पत्र्याच्या आतून वायूच्या नळ्या गेलेल्या असतात.

गराच्या पेटीत आणखी एक कारण हमखास आढळते. भरताना सांडलेला गोड गर कडेवर वाळून चिकट होतो. मग रबर पत्र्यास चिकटते आणि झाकण उघडताना ओढले जाऊन फाटते. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा साबण किंवा खाण्याचा सोडा घालून मऊ फडक्याने रबर व पत्र्याची कड पुसावी, घड्यांमध्ये जुना दात घासण्याचा ब्रश फिरवावा आणि सर्व कोरडे करावे. रॉकेल, पेट्रोल वा थिनर लावू नये. त्यांनी पट्टी खराब होते.

कडेवर व भिंतीवर हिम असल्यास प्रथम ते उतरविले पाहिजे. सकाळच्या गारव्यात माल दुसऱ्या पेटीत किंवा बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यात घट्ट रचून वर जाड घोंगडी टाकावी, वीज बंद करून प्लग काढावा आणि आत गरम पाण्याचे पातेले ठेवून झाकण लावावे. सुरी, स्क्रूड्रायव्हर किंवा खुरप्याने बर्फ खरवडण्याचा मोह टाळावा. एका ठोक्याने नळीस छिद्र पडून सगळी पेटी निकामी झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. शिवाय अलीकडच्या अनेक पेट्यांतील वायू ज्वालाग्राही असतो. स्टोव्ह किंवा दिवा जवळ आणू नये, हे सांगण्याचे कारणही तेच.

रबर शाबूत आहे पण दबून किंवा मुडपून राहिले आहे असे दिसल्यास, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजविलेले फडके त्या जागी काही मिनिटे धरावे. पट्टी मऊ होताच बोटांनी ओढून सरळ करावी, कोरडी पुसावी व झाकण लावून वर सारखे वजन ठेवावे. थंड झाल्यावर पुन्हा कागद ओढून पाहावा. एका खेपेने जमले नाही तर दुसऱ्यांदा करावे.

चिरलेले, कडक झालेले अथवा चुंबकाची पकड गेलेले रबर मात्र बदललेच पाहिजे. चिकटपट्टी लावून हंगाम काढण्यात नुकसानच आहे. पेटीवरील पाटीवरून कंपनी व नमुन्याचा क्रमांक उतरवून न्यावा. शक्य असल्यास जुन्या पट्टीचा तुकडा सोबत न्यावा, कारण पट्टीच्या पाठीचा आकार खाचेशी जुळावा लागतो. नवी पट्टी घडी घालून आलेली असते. ती प्रथम कोमट पाण्यात बुडवून सरळ होऊ द्यावी. बसविताना आधी चारही कोपरे, नंतर बाजूंचे मध्य आणि शेवटी उरलेला भाग असा क्रम ठेवावा. काही जुन्या नमुन्यांत पट्टी स्क्रूंनी धरलेली असते. तेथे सगळे स्क्रू एकदम काढले असता झाकण पिळवटते, म्हणून ते केवळ सैल करून जुनी पट्टी ओढून काढावी व नवी सरकवावी.

दुरुस्तीनंतर झाकण खरोखर सुधारले की नाही याची खात्री करण्यास वाटीभर पाणी पेटीत गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे व वाटी वरच्या थरात ठेवावी. नाणे बर्फावर तसेच राहिले तर वरचा माल वितळलेला नाही. ते बर्फात रुतलेले दिसले तर मागील काही काळात तपमान शून्याच्या वर गेले होते, मग त्या क्षणी पेटी कितीही गार असो. वीजपुरवठा खंडित होतो तेव्हाही ही वाटी उपयोगी पडते. पूर्ण भरलेली व झाकण घट्ट असलेली पेटी न उघडल्यास सुमारे ४८ तास आणि अर्धी भरलेली सुमारे २४ तास माल गोठलेला ठेवते. झाकणास फट असल्यास हा हिशेब धरता येत नाही. नाणे रुतलेले आढळल्यास वरच्या पिशव्या वेगळ्या काढाव्यात. ज्यांत अद्याप बर्फाचे कण आहेत त्या आधी वापरून टाकाव्यात, आणि ज्यांचा रंग वा वास बदलला आहे त्या पुन्हा गोठवून गिऱ्हाइकास देऊ नयेत.

निकामी झालेली पेटी अंगणात टाकून देण्यापूर्वी तिचे झाकण बिजागरीसह काढून वेगळे करावे. खेळताना मूल आत शिरले व झाकण पडले, तर आत हवा येण्यास वाट राहत नाही.