कोनस मिल्नएडवर्ड्सी : शंखाचे स्वरूप व भौगोलिक प्रसार

कोनस या प्रजातीत शेकडो सागरी जाती मोडतात. त्यांतील पुष्कळ जातींच्या शंखांचे शिखर बसके असते. कोनस मिल्नएडवर्ड्सी ही जाती यास ठळक अपवाद आहे. तिचे शिखर उंच असून त्यावरील वेढे देवालयाच्या शिखराप्रमाणे पायरीपायरीने वर चढत जातात. शेवटचा मोठा वेढा सडपातळ असतो. पूर्ण वाढलेला शंख दहा सेंटिमीटरहून अधिक लांब भरू शकतो. पांढऱ्या पृष्ठभागावर तांबूस-तपकिरी रेषांचे जाळे असते व त्यातून तंबूच्या आकाराचे लहानमोठे पांढरे त्रिकोण उरतात. ‘भारताचे वैभव’ या अर्थाचे इंग्रजी नाव संग्राहकांनी या शंखास दिले, ते यामुळेच.

तथापि ते नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. जूसोम यांनी १८९४ मध्ये वर्णिलेल्या या जातीचा प्रसार तांबडा समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा, मॉरिशस, रेयुनियन ते भारताचा पश्चिम किनारा असा विस्तृत आहे. मात्र ती खोल पाण्यात राहत असल्याने किनाऱ्यावर क्वचितच सापडते.

अरबी समुद्रातील शंखांना मेलव्हिल व स्टॅन्डन यांनी १८९९ मध्ये कोनस क्लायटोस्पायरा हे स्वतंत्र नाव दिले. या सागरातील मृदुकाय प्राण्यांचे त्यांचे अध्ययन मुख्यतः कॅप्टन टाउनसेंड यांच्या संग्रहावर आधारलेले होते. टाउनसेंड हे समुद्रतळावरील तारायंत्राच्या तारांची देखभाल करणाऱ्या जहाजावर होते. शास्त्रीय मोहिमेने नव्हे, तर तारांच्या दुरुस्तीने हा समुद्रतळ अभ्यासकांपुढे आला, हे लक्षणीय होय. पुढे हा प्रकार मिल्नएडवर्ड्सीची उपजाती मानला गेला.

हा वाद केवळ संग्रहालयापुरता नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये समाविष्ट झाले ते मिल्नएडवर्ड्सी हे नाव. भारतीय शंख वेगळ्या जातीचे ठरल्यास ते संरक्षण नेमके कोणास, असा प्रश्न उद्भवतो. त्याचा निर्णय नक्षीवरून करणे धोक्याचे आहे, कारण कोनसच्या एकाच जातीत रेषांची दाटी व रंगछटा पुष्कळ बदलतात. शिखराची उंची व वेढ्यांची मापे अधिक भरवशाची. पण स्थळाची नोंद नसलेला शंख कितीही सुंदर असला तरी प्रसाराच्या अभ्यासास निरुपयोगीच. रिकाम्या शंखात शिरलेला खेकडा तो मूळ स्थानापासून दूर नेऊ शकतो. म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यात आलेल्या नमुन्याबाबत अक्षांश, रेखांश व खोली यांबरोबरच प्राणी जिवंत होता की शंख रिकामा, हेही नोंदविणे आवश्यक ठरते.